शब्द हवा आहे : हट्टी नव्हे, मग कोण?

पत्र पहिले

सप्रेम नमस्कार ताई,

आमचं एकत्र कुटुंब. सांगलीपासून जवळच कृष्णाकाठी शेती आहे, ऊस आणि हळद. घरात माझे मोठे दीर आहेत, वय पासष्टच्या पुढे. त्यांच्याबद्दल लिहितेय, पण तक्रार म्हणून नाही. मला शब्द हवा आहे.

आम्ही जे म्हणू त्याच्या बरोबर उलट भाऊजी म्हणतात. यंदा हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोती भरली. आमचे हे म्हणाले, या आठवड्यात सौद्याला नेऊ. भाऊजी म्हणाले, घाई कशाला, भाव चढेल. बरं, थांबू म्हटलं. तर त्याच रात्री ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "ठेवून काय कीड लावायचीय पोत्यांना?" पुतण्याच्या लग्नाला कार्यालय बघितलं, तर म्हणाले दारात मांडव पाहिजे. दारात मांडव ठरला, तर म्हणाले पाहुणे उन्हात भाजायचेत का. आणि हे सगळं मिशीतल्या मिशीत हसत. म्हणजे मुद्दाम चाललंय हे त्यांनाही ठाऊक आहे.

आम्ही त्यांना हट्टी म्हणत आलो. पण परवा भाकरी थापता थापता जाऊबाईच म्हणाल्या, "अगं, हट्टी माणसाचं एक कायतरी असतं. यांचं काहीच नसतं, फक्त आपल्या उलट असतं." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. हेकट, आडमुठे, विघ्नसंतोषी असे सगळे शब्द लावून बघितले, एकही मापात बसेना. यासाठी मराठीत शब्द आहे का?

एक वाचक, सांगली

उत्तर

तुमच्या जाऊबाईंना आधी माझा नमस्कार सांगा. निम्मं उत्तर त्यांनी परातीपाशी बसूनच दिलंय. कोशांची पानं उलटून मी जेवढं सांगेन, त्याचा पाया त्यांचं ते एक वाक्य आहे.

हट्टी, हेकट, हेकेखोर, दुराग्रही हे सगळे एका भावकीतले शब्द. त्यांत माणूस एका जागी ठाम उभा असतो. हेकेखोर मधला ‘खोर’ फारसीतून आला, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, तसा हेकेखोर आपल्या हेक्यावर जगतो. धरल्या सशाला तीनच पाय म्हणतात तो हाच माणूस. त्याच्या सशाला काल तीन पाय होते, आज तीन आहेत आणि उद्याही तीनच असणार. तुमच्या भाऊजींचं तसं नाही. तुम्ही चार म्हणालात तर त्यांच्या सशाला तीन पाय, आणि तुम्ही हरून तीन म्हणालात की त्यांच्या सशाला लगेच चौथा फुटतो. तेव्हा हट्टाची ही सगळी भावकी बाजूला ठेवू.

पुढचे शब्द गोठ्यातून आणि रस्त्यावरून आलेत. अडेलतट्टू म्हणजे मध्येच अडून उभं राहणारं तट्टू. नाठाळ हाही मूळचा जनावराचाच शब्द, मारकं, आवरत नाही असं ढोर. आमच्या वाईकडच्या गावात आणखी एक शब्द होता, बशा. औताला किंवा गाडीला जुंपला की मध्येच फतकल मारून बसणारा बैल तो बशा. माझ्या वडिलांनी एकदा बाजारातून असा एक बैल आणला होता, दिसायला देखणा, पांढराशुभ्र. पहिल्याच दिवशी चढावर, गाडीत शेणखत भरलेलं असताना, पुढचे गुडघे टेकून तो जो बसला तो बसलाच. वडिलांनी शेपूट पिरगाळली, चुचकारलं, तोंडापुढं कडबा धरला. शेवटी गाडी सोडली, जू काढलं, तर उठून शेजारचं गवत खायला लागला. लहान होते, पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. त्याला आम्हाला कुठं जायचंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. गाडी वाईला निघाली असती काय किंवा पाचवडला निघाली असती काय, तो त्याच चढावर बसला असता.

भाऊजी इथंच वेगळे पडतात. उलट जायचं तर समोरचा कुठं चाललाय ते आधी नीट बघावं लागतं. हळदीच्या पोत्यांचं तुमचं काय ठरलं, मांडवाचं काय ठरलं, हे त्यांच्याइतकं बारकाईनं घरात दुसरं कुणी ऐकत नसेल. अडेलतट्टू, आडमुठा, ताठर या शब्दांत हे लक्ष देणं येतच नाही. म्हणून ते शब्द तुम्हाला अपुरे वाटले, आणि ते बरोबर आहे.

आता विघ्नसंतोषी. हा शब्द आपण फार सैल वापरतो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की तो जपून वापरा. दुसऱ्याच्या कामात विघ्न आलं की ज्याला समाधान वाटतं तो विघ्नसंतोषी. पोत्यांना कीड लागली तर तुमच्या भाऊजींना आनंद होईल का? हळद त्यांचीही आहे. लग्नात पाहुण्यांचे हाल झाले तर ते खूश होतील का? तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. आणि उलट्या काळजाचा हा शब्दही इथं आणू नका. त्यात उलटेपणा दिसतो, पण अर्थ आहे निर्दय.

शाळेत असताना आमच्या संस्कृतच्या बाईंनी भर्तृहरीच्या नीतिशतकातला एक श्लोक शिकवला होता, तो मी पन्नास वर्षं बाळगून आहे. त्यात माणसांच्या चार जाती सांगितल्यात. स्वतःचं सोडून दुसऱ्याचं भलं करतात ते सत्पुरुष. आपलं सांभाळून दुसऱ्याचं करतात ते सामान्य. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याचं मोडतात ते माणसांतले राक्षस. आणि जे काही कारण नसताना, स्वतःला काही मिळत नसताना दुसऱ्याच्या चांगल्यात मोडता घालतात, त्यांच्यापाशी येऊन कवी थांबतो. ते के न जानीमहे, म्हणतो. ते कोण, आम्हाला ठाऊक नाही. राक्षसाला नाव सापडलं, यांना सापडलं नाही. तेव्हा तुम्हाला शब्द अडला यात तुमचं मराठी कमी पडलं असं समजू नका, भर्तृहरीसारख्याचंही अडलं होतं.

त्याच शतकातला दुसरा एक श्लोक तर आपण सगळे म्हणतो, वामन पंडितांच्या मराठीत. "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे." प्रयत्नाचं महत्त्व सांगायला शाळांच्या भिंतींवर ही ओळ रंगवलेली असते. पण पुढं वाचा. एक वेळ वाळूतून तेल निघेल, पण मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही, असा तो श्लोक आहे. प्रयत्नानं जे होत नाही त्याबद्दलचा. आणि मूळ संस्कृतात नुसता मूर्ख नाही, ‘प्रतिनिविष्ट’ मूर्ख आहे, म्हणजे विरुद्ध बाजूला जाऊन पक्का बसलेला. मराठीत येताना मूर्ख आला आणि प्रतिनिविष्ट वाटेतच राहिला. मला त्याची चुटपुट लागून राहिली आहे. तुम्हाला जो शब्द हवाय त्याच्या फार जवळचा होता तो.

आता कामाचा शब्द. आपण वितंडवाद हा शब्द रोज वापरतो, निरर्थक भांडण अशा अर्थानं. मुळात त्याला फार नेमका अर्थ होता. गौतमाच्या न्यायसूत्रात, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. दोघंही खरं काय ते शोधायला बसले तर तो वाद. जिंकायलाच बसले तर तो जल्प. आणि ज्यात एक जण स्वतःची बाजू मांडतच नाही, फक्त समोरच्याची खोडत राहतो, ती वितंडा. स्वतःचा पक्ष नसणं हीच तिची खूण. म्हणजे "यांचं काहीच नसतं, फक्त आपल्या उलट असतं." तुमच्या जाऊबाईंनी न्यायशास्त्र वाचलेलं नसणार, तरी व्याख्या तंतोतंत केली. भाऊजींच्या बोलण्याला शास्त्रातला शब्द हवा असेल तर तो वितंडा, आणि असं बोलणारा वितंडवादी.

पण वितंडवादी हा शब्द सैपाकघरात कोण बोलणार? घरात बोलायला माझ्याकडे एक शब्द आहे, आजीकडून आलेला. उफराटा. उरफाटाही म्हणतात. चोळी उफराटी घातली, घागर उफराटी ठेवली, तसा माणूसही उफराटा. यात जागेवर अडून बसणं नाही, दुष्टपणा नाही, फक्त दिशा उलटी. आजी गोष्ट सांगायची, तुम्हीही ऐकली असेल. एकाची बायको उफराटी होती. नवरा बस म्हणाला की उभी राहायची, हळू म्हणाला की पळायची. एकदा पुराच्या पाण्यात पाय घसरून वाहून गेली. गावकरी नदीच्या खालच्या अंगाला शोधायला लागले, तर नवरा वरच्या अंगाला पळत सुटला. अरे, पाणी खाली जातंय, वर कुठं बघतोस? तर म्हणाला, ती कधी पाण्याबरोबर जायची नाही. आजी या गोष्टीत आमच्याच गावच्या घाटाचं नाव घालायची, आणि सांगून झाल्यावर न चुकता म्हणायची, "गोष्टीत बाईला घातलंय, पण मी आयुष्यभर उफराटे बघितले ते सगळे पागोटेवाले."

उफराटा शब्द माझ्या हाताला मात्र नंतर लागला, साताऱ्यात, छापखान्यात. १९७९ साली मी मुद्रितशोधक म्हणून कामाला लागले. खिळ्यांची छपाई होती. ज्यांनी ती बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. शिशाच्या खिळ्याच्या डोक्यावर अक्षर उफराटं असतं, आरशात दिसावं तसं. जुळारी डाव्या हातात स्टिक धरून एकेक खिळा बसवतो, आणि त्या उफराट्या ओळी आपण वर्तमानपत्र वाचतो तशा भराभर वाचतो. शाई लावून कागदावर दाबलं की अक्षर सुलट उठतं.

आमच्याकडे एक जुने जुळारी होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मी प्रुफावर काहीही खूण केली की मामा म्हणणार, नाही. ओळ खाली घ्या, नाही. इथं ठळक टाइप, नाही. कडेला समास सोडा, नाही. मी पंचविशीत होते, व्याकरण पक्कं होतं आणि त्याचा ताठाही होता. एक दिवस सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणाले, "मामा, तुम्ही विघ्नसंतोषी आहात. यापुढं मी खूण केली की तेवढं करत जा." मामा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी सांगेन ते मुकाट्यानं करायला लागले. मला वाटलं, बरं झालं.

महिनाभरानं कोरेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. हस्तलिखित गचाळ होतं. मुलीच्या आजोबांच्या नावामागं कै. होतं, ते ओळ मोडताना मी खूण करून खाली घेतलं, आणि ते बसलं मुलीच्या वडिलांच्या नावामागं. तीनशे पत्रिका छापून, हळद-कुंकू लावून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गृहस्थ पत्रिका हातात घेऊन दारात उभे. आवाज चढवला नाही. पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली, कै. वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, मी अजून हाय."

मालकांनी पदरच्या पैशानं पत्रिका परत छापून दिल्या. संध्याकाळी मी मामांना विचारलं, तुम्हाला दिसलं नव्हतं का? म्हणाले, "दिसलं की. पण बोललो असतो तर परत विघ्न म्हणाला असता."

त्या रात्री मी जुनी प्रुफं काढून बसले. मामांच्या प्रत्येक ‘नाही’मागं काहीतरी होतं. ठळक टाइपात रफाराचे खिळे पुरेसे नव्हते. समास सोडला असता तर मजकूर पुढच्या फर्म्यात, म्हणजे छपाईच्या पुढच्या कागदावर गेला असता आणि गिऱ्हाइकाला कागदाचा भुर्दंड बसला असता. त्यांना बाजू होती. ती त्यांना नीट सांगता यायची नाही, आणि मी कधी विचारली नव्हती. ज्याला स्वतःची बाजू आहे त्याला मी विघ्नसंतोषी म्हटलं होतं. मी मामांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच प्रुफावर त्यांनी ‘नाही’ म्हटलं, आणि मी खुर्ची ओढून त्यांच्या खिळ्यांच्या केसपाशी, म्हणजे खणांच्या पेटीपाशी, जाऊन बसले.

म्हणून भाऊजींना उफराटे म्हणण्याआधी एकदा एवढं करून बघा. तुमचं काय ठरलंय ते सांगू नका. हळदीची पोती दाखवा आणि विचारा, भाऊजी, तुमच्या मनात काय आहे? आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा, घरातल्या सगळ्यांनी. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला पुष्कळदा शेवटचं विचारलं जातं, सगळं ठरून झाल्यावर. तेव्हा हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, फरक पडतो तो फक्त नाही म्हटल्यानं. त्यांनी काही एक सांगितलं आणि दोन दिवस त्यावर टिकले, तर त्यांना बाजू आहे, मग आपण दुसरा शब्द शोधू. आणि तुम्ही काय म्हणता ते कळेपर्यंत जर त्यांना काहीच सुचलं नाही, तर शब्द उफराटा. निःशंक वापरा.

एक राहिलंच. आपल्याकडे अशा माणसाला कौतुकानं आणि वैतागानं एकाच वेळी बेणं म्हणतात. "लई कडू बेणं हाय." उसाचं बेणं म्हणजे लावणीसाठी तोडलेली डोळ्याची कांडी, जसं बेणं तसा ऊस. हा शब्द लाडका आहे, पण त्यात उलटेपणाच असतो असं नाही. चिवट, इरसाल, बेरकी, सगळ्यांनाच बेणं म्हणतात. तुम्हाला नेमका शब्द हवा होता, म्हणून तो शेवटी ठेवला.

पत्र दुसरे

ताई, माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. जेवतेस का, नाही. बाहेर जाऊया का, नाही. चप्पल घालूया, नाही, आणि दोन मिनिटांनी चपलेसाठीच रडते. दिवसभर नन्नाचा पाढा. माझी आई तिला हट्टी म्हणते, बायको उलट्या डोक्याची म्हणते. योग्य शब्द कोणता?

एक वडील, कराड

उत्तर

कोणताही नाही. तिला शब्द लावू नका. या वयात मुलाला पहिल्यांदा कळतं की आपण आईवडिलांपेक्षा वेगळे आहोत, आणि ते करून बघायला त्याच्यापाशी एवढा एकच शब्द असतो. बालहट्ट हा जुना शब्द त्यातल्या त्यात बरा, कारण तो हट्टाला नाव देतो, मुलीला नाही. वय सरलं की हट्ट मागं राहतो. पण उलट्या डोक्याची हे नाव एकदा चिकटलं की शाळेपर्यंत बरोबर जातं. आणि चप्पल घालूया का असं विचारण्याऐवजी, लाल घालायची की निळी, असं विचारून बघा.

पत्र तिसरे

आदरणीय ताई, मी मिरजेला कॉलेजात आहे. आमचा अभ्यासाचा गट आहे. सगळे एका बाजूनं बोलायला लागले की मी मुद्दाम दुसरी बाजू घेतो, मला ती पटत नसली तरी. कच्चे दुवे सापडावेत म्हणून. मित्र मला निगेटिव्ह म्हणतात. इंग्रजीत यासाठी डेव्हिल्स अॅडव्होकेट असा शब्द आहे. मराठीत ‘सैतानाचा वकील’ म्हटलं की सगळे हसतात. दुसरं काही आहे का?

विद्यार्थी, मिरज

उत्तर

हसतात ते बरोबरच आहे, कारण तो शब्द एका विशिष्ट घरातला आहे. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संत ठरवण्याआधी त्याच्याविरुद्ध जेवढं बोलता येईल तेवढं बोलायला एक अधिकारी नेमत. पोप सिक्स्टस पाचवे यांच्या काळात, १५८७ मध्ये, ते पद रीतसर झालं. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती पद्धत बदलली. त्या अधिकाऱ्याला लोक सैतानाचा वकील म्हणत. ते सगळं माहीत नसताना शब्द उचलून आणला की मराठीत नुसता सैतान उरतो.

आपल्याकडे हेच काम करणारा शब्द शेकडो वर्षं वापरात आहे, पूर्वपक्ष. शास्त्रग्रंथ लिहिणारा आपलं मत सांगण्याआधी विरुद्ध बाजू मांडतो, आणि ती लंगडी करून मांडत नाही. विरोधकालाही सुचला नसेल असा आक्षेप तो स्वतःच काढतो. संस्कृत टीकाग्रंथांत ‘ननु’ शब्द आला की समजायचं, आता आक्षेप येतोय. तो पुरता मांडून झाला की मग उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष कच्चा असेल तर सिद्धान्तही कच्चा मानत. माझं बालपण वाई परिसरात गेलं. तिथल्या प्राज्ञपाठशाळेमुळे गावात शास्त्रं शिकलेली मंडळी होती, आणि आमच्या घरी येणारे एक वृद्ध गृहस्थ साध्या गप्पांतही म्हणायचे, "थांबा, आधी पूर्वपक्ष होऊ द्या." तेव्हा तो मला मोठ्या माणसांचा काहीतरी सोपस्कार वाटायचा. आज वाटतं, त्या एका वाक्यामुळे किती भांडणं व्हायची राहिली असतील. विरुद्ध बोलणारा त्या क्षणापासून शत्रू राहायचा नाही, त्याला काम मिळायचं.

तेव्हा तुझ्यासाठी शब्द पूर्वपक्षी. पण एक पथ्य पाळ. बोलायच्या आधी सांग, "आता मी पूर्वपक्ष करतो." आणि संपल्यावर तुझं स्वतःचं मत काय ते सांग. हे दोन्ही तू करत नसशील तर मित्रांना तू उफराटा वाटणार, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर सांगलीच्या वाचकाला वितंडेबद्दल लिहिलंय, ते वाच. पूर्वपक्ष आणि वितंडा बाहेरून सारखेच दिसतात. पूर्वपक्ष करणारा शेवटी आपल्या जागेवर परत येतो, वितंडवाद्याला परत यायला जागाच नसते.

आणि जे खरोखरच चारचौघांच्या विरुद्ध मताचे असतात त्यांना पूर्वपक्षीही म्हणू नये. कराडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक होते. मतं पटेनात तेव्हा त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पुण्यात विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर कुणाच्या उलट जायचं म्हणून बोलत नव्हते. सगळा गाव त्यांच्या मताचा झाला असता तर त्यांना आनंदच झाला असता, आणि उफराट्या माणसाला नेमकं तेच सोसत नाही. आगरकरांनी स्वतःसाठी शब्दही स्वतःच निवडला आणि वर्तमानपत्राच्या माथ्यावर छापला, सुधारक. टेंभूचं नाव आता उपसा सिंचन योजनेमुळे घरोघरी झालंय. कराडला कधी गेलास तर त्या गावाला जरूर जाऊन ये.

वाचकांना एक विनंती. बैल बसतो त्याला आमच्याकडे बशा म्हणतात. माण-खटावकडे काय म्हणतात? जत भागात कानडी शेजारामुळे उलट्या स्वभावाच्या माणसासाठी वेगळा शब्द आहे का? आजी-आजोबांना विचारा, त्यांनी तो शब्द कोणत्या वाक्यात वापरला ते जसंच्या तसं लिहा, आणि पत्रावर गावाचं नाव घालायला विसरू नका.